जेजुरीचा खंडेराय आणि आमच्या घरची तळी



आपल्या मॉरिशसमधील मराठी घरांत गोंधळ अजून घातला जातो, हे तुम्हांला आम्ही सांगावयास नको. गोंधळात देवदेवतांना नुसत्या नावाने बोलावीत नाहीत, गावासकट हाक मारतात. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, पंढरपूरचा विठोबा, जेजुरीचा खंडेराय. लहानपणी जागरणाच्या झोपेत ही गावे कानावर पडत, तेव्हा ती कुठेतरी वाकोआच्या पलीकडे, उसाच्या शेवटच्या मळ्यामागे असतील असे आम्हांला वाटे. ती समुद्रापलीकडे आहेत हे फार पुढे कळले.

आमच्या घरी गोंधळाशिवाय आणखी एक गोष्ट होत असे. डिसेंबर महिना लागला, आवारातले आंबे पिकू लागले, की एके सकाळी आजी पितळेचे ताट घासून लख्ख करी. त्यात विड्याची पाने, सुपाऱ्या, खोबऱ्याचे तुकडे आणि मूठभर हळद. घरातले पाच पुरुष ताटाभोवती बसत, ते पाचांच्या हातांनी तीन वेळा वर उचलीत आणि मोठ्याने म्हणत, "एलकोत, एलकोत!" मग सगळ्यांच्या कपाळाला हळद लागे आणि आम्हां मुलांना खोबरे मिळे. आम्हांला खोबऱ्याशी काम. एकदा मात्र थोरल्या भावाने विचारले, "आजी, एलकोत म्हणजे काय गं?" आजी म्हणाली, "तुझे पणजोबा म्हणत. म्हणून आपण म्हणायचं." एवढ्यावर तो विषय संपला, आणि आजी गेल्यावर तर विचारणार कोणाला?

तीच गोष्ट कुलदैवताची. आमचे कुलदैवत कोणते हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या आगमनाच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. तेथे आमच्या खापरपणजोबांची नोंद मिळाली. नाव, बापाचे नाव, वय, जात, मुंबई बंदर, जिल्हा रत्नागिरी. गावाचे नाव इंग्रजी कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले असावे, कारण ते आजवर कोणत्याही नकाशावर आम्हांला सापडलेले नाही. उंची लिहिली आहे, अंगावरची खूणही लिहिली आहे. मजूर ओळखण्यासाठी साखरेच्या मळेवाल्याला जे हवे ते सर्व लिहिले आहे. कुलदैवताचा रकाना त्या वहीत नाही.

तेव्हा हातात उरला एकच शब्द, एलकोत, तोही मोडका. त्याचा माग काढीत दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आम्ही, म्हणजे थोरले बंधू, वहिनी आणि हे लिहिणारे, पुण्याहून जेजुरीला गेलो.

जेजुरी पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यात आहे. पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटर. वाटेत सासवड लागते. पुणे-मिरज मार्गावर जेजुरीचे रेल्वे स्टेशनही आहे. मुलूख कोरडा, खडकाळ. आपल्या डोळ्यांना बारा महिने हिरवा ऊस पाहण्याची सवय, त्यामुळे पहिल्या दर्शनी तो उघडाबोडका वाटला. मग टेकडी दिसली आणि तिचा रंग पाहून वहिनी गप्प झाल्या. पायऱ्या, कमानी, दीपमाळा, माणसांचे कपडे, कुत्र्यांची पाठ, सगळे पिवळे. इथे हळदीला भंडारा म्हणतात आणि तो कपाळाला लावण्यापुरता नसतो, पसापसा भरून आभाळात उधळायचा असतो. सोबत खोबऱ्याचे तुकडे. भक्त जिला सोन्याची जेजुरी म्हणतात ती हीच.

आम्ही गेलो तो रविवार होता. रविवार हा खंडोबाचा वार, त्यामुळे गर्दी होती. देवाला नवलाख पायऱ्या आहेत असे लोक म्हणतात. आम्ही मोजायला सुरुवात केली. बंधूंच्या हिशेबात पावणेचारशे भरल्या, वहिनींच्या हिशेबात त्याहून जास्त, आणि आमचा हिशेब एका नवरदेवाने चुकवला. तो नव्या नवरीला दोन्ही हातांवर उचलून पायऱ्या चढत होता. लग्न झाल्यावर जोडप्याने जेजुरीला यायचे आणि नवऱ्याने निदान पाच पायऱ्या तरी बायकोला उचलून न्यायचे, असा रिवाज आहे. पोरगा सडपातळ होता, नवरी तशी नव्हती. पाचव्या पायरीवर त्याने तिला खाली ठेवले तेव्हा दोन्हीकडच्या वऱ्हाडाने "येळकोट येळकोट जय मल्हार" अशी आरोळी ठोकली.

बंधू जागीच थांबले. "येळकोट," ते म्हणाले. "अरे, येळकोट!"

शब्दाचा उलगडा तिथल्याच एका दुकानदाराने केला. येळ, म्हणजे कानडीतले एळु, म्हणजे सात. कोट म्हणजे कोटी. देवाबरोबर सात कोटींची सेना होती, तिचा हा जयघोष. महाराष्ट्राच्या या लाडक्या देवाच्या आरोळीत कानडी आकडा आहे, याचे आम्हांला नवल वाटले. पण तसे नवल नाही. हाच देव कर्नाटकात मैलार, आंध्र-तेलंगणात मल्लण्णा. त्याने सरहद्दी कधी मानल्या नाहीत. इकडे त्याचे नाव खंडोबा, मल्हारी, मार्तंड भैरव. हातातल्या खंड्यावरून, म्हणजे रुंद पात्याच्या तलवारीवरून, खंडोबा. आणि मल्हारी कशावरून, त्यासाठी मूळ कथा सांगावी लागेल.

मणी आणि मल्ल हे दोघे दैत्य भाऊ. ब्रह्मदेवाच्या वराने ते उन्मत्त झाले होते. मणिचूर्ण पर्वतावर ऋषी तप करीत होते, त्यांचा आश्रम या दोघांनी उद्ध्वस्त केला, गाईवासरे मारली. ऋषी इंद्राकडे गेले, त्याने हात टेकले. विष्णूकडे गेले, त्याच्याकडूनही काम होईना. शेवटी शंकराकडे. शंकर संतापला आणि त्याने मार्तंड भैरवाचे रूप घेतले. सूर्यासारखे झळझळीत, सगळे अंग हळदीने माखलेले. सात कोटी गण घेऊन तो लढाईला उतरला. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून सहा दिवस युद्ध झाले. षष्ठीला दोघे भाऊ पडले. ती चंपाषष्ठी. म्हणून खंडोबाचे नवरात्र नऊ रात्रींचे नसून सहा रात्रींचे. पुष्कळ घरांत चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे आणि कांदा या दिवशी पुन्हा पानात येतात, आणि देवाला नैवेद्य असतो तो वांग्याचे भरीत आणि बाजरीचे रोडगे. मार्गशीर्ष म्हणजे आपला नोव्हेंबर-डिसेंबर. आमच्या आजीचे ताट डिसेंबरातच का निघे, हे आम्हांला त्या पायरीवर उभे असताना समजले.

आता दैत्यांचे पुढे काय झाले ते ऐका, कारण लोकांच्या तोंडची कथा इथेच पोथीपेक्षा निराळी आणि अधिक रंगतदार होते. मणीला मरताना उपरती झाली. त्याने आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि मागितले ते एवढेच की, मला तुझ्याजवळ जागा दे आणि बोकडाचा नैवेद्य मिळू दे. देवाने ते मान्य केले. म्हणून खंडोबा घोड्यावर बसतो आणि मणीची मूर्ती आजही गडावर आहे. देव स्वतः शाकाहारी. मटणाचा मान दैत्याचा. मल्लाने मात्र मरता मरताही माणसांचा नाशच मागितला. देवाने त्याचे डोके कापून पायरीशी ठेवले, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय पडावेत म्हणून. पोथीतला मल्ल इतका वाईट नाही. तो म्हणतो, तुझ्या नावाआधी माझे नाव राहू दे. मल्लाचा अरी तो मल्लारी, त्याचा झाला मल्हारी. मारणाऱ्याला मेलेल्याचे नाव कायमचे चिकटले. जोतीराव फुल्यांनी तर १८७३ च्या 'गुलामगिरी'त या कथा मानल्याच नाहीत; त्यांच्या मते खंडोबा हा बळीराजाचा एका खंडावरचा अधिकारी. ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावे.

जेजुरीत देवाच्या जागा दोन आहेत, हे पुष्कळ यात्रेकरूंना परत गेल्यावर कळते. आपण चढतो तो गडकोट. त्याच्या मागच्या उंच पठारावर कडेपठार आहे, आणि जुने स्थान ते. कडेपठारचा देव खाली कसा आला? एक म्हातारा भक्त रोज तो अवघड डोंगर चढे. पाय थकले तेव्हा तो देवाला म्हणाला, आता उद्यापासून माझे येणे होणार नाही. देव म्हणाला, तू पुढे चाल, मी मागून येतो. फक्त मागे वळून पाहू नकोस. म्हातारा निघाला. निम्मा डोंगर उतरल्यावर त्याला राहवेना. देव खरेच येतो आहे ना? त्याने मान वळवली आणि देव तिथेच थांबला. तो आजचा गड.

ही गोष्ट आम्हांला एका माळ विकणाऱ्या बाईने सांगितली, चार वाक्यांत, मध्येच गिऱ्हाइकाला सुटे पैसे परत देत. गोष्ट ऐकून बंधू बराच वेळ बोलले नाहीत. मुंबईच्या बंदरावर आमच्या खापरपणजोबांनी मागे वळून पाहिले असेल का, असे काहीतरी त्यांच्या मनात असावे. आम्ही विचारले नाही.

गडाचे बांधकाम एका काळातले नाही. सतराव्या शतकात काही भाग झाला, अठराव्यात होळकरांनी पुष्कळ भर घातली. मल्हारराव होळकर जातीने धनगर, आणि खंडोबा हे त्यांचे आराध्य. त्यांचे नावच देवाचे आहे. देवळासमोर दगडी पटांगणात एक प्रचंड कासव आहे, पितळी पत्र्याने मढवलेले, अनेक माणसे त्यावर सहज उभी राहतील एवढे. त्याच्यावरच तळी भरतात. दसऱ्याच्या रात्री गडाची आणि कडेपठारची अशा दोन पालख्या डोंगरांमधल्या दरीत भेटतात, आणि मग गडावर खंडा उचलण्याची स्पर्धा होते. पानसे सरदारांनी दिलेला हा खंडा ४२ किलोंचा असल्याचे सांगतात. तरुण मुले तो एका हाताने तोलून धरतात, कोणी दातांत धरून उचलतो. सोमवती अमावास्येला देव पालखीतून कऱ्हा नदीवर स्नानाला जातो. या दोन्ही गोष्टी आम्ही पाहिल्या नाहीत. पाहायच्या असतील त्यांनी तिथी पाहून तिकीट काढावे.

पण आमच्या मते जेजुरीची खरी गोष्ट युद्धाची नाही, संसाराची आहे. ती पायऱ्या चढतानाच भेटते, कारण निम्म्या वाटेवर एक लहान देऊळ लागते, बाणाईचे. ही खंडोबाची दुसरी बायको. पहिली म्हाळसा. ती नेवाशाच्या तिम्माशेठ वाण्याची लेक, लिंगायत, रीतसर लग्न करून आणलेली. देवाच्या शेजारी बसण्याचा मान तिचा.

एकदा खंडोबा आणि म्हाळसा सोंगट्या खेळायला बसले. पण असा की हरेल त्याने बारा वर्षे वनवासात जायचे. देव हरला. (मुद्दाम हरला असे धनगर म्हणतात.) घोड्यावर बसून तो निघाला तो थेट चंदनपुरीला, मालेगावजवळ, बाणू धनगरणीच्या गावी. तिथे त्याने म्हाताऱ्या गड्याचे सोंग घेतले आणि बाणूच्या बापाच्या वाड्यावर मेंढरे राखायची नोकरी धरली. अंगावर फाटके घोंगडे, नाव खंडू. एके दिवशी मेंढरे नदीवर नेऊन धू, असे त्याला सांगण्यात आले. गड्याने काय केले, एकेक मेंढरू धरले आणि धोब्याने कपडे आपटावेत तसे दगडावर आपटले. सगळा कळप मेला. धनगरवाड्यात आकांत झाला. गडी शांतपणे म्हणाला, बाणू मला द्याल तर सगळी उठवतो. बाप काय करणार? हो म्हणाला. मग गड्याने कमरेच्या पिशवीतला भंडारा काढून फेकला आणि मेंढरे बें बें करीत उठली.

बाणूला घोड्यावर घेऊन देव जेजुरीला आला. आणि इथून पुढे ती कथा कोणत्याही गावातल्या कोणत्याही घरची होते. म्हाळसा दारात उभी. ती म्हणते, ही मेंढराच्या वासाची बाई माझ्या घरात नको. बाणू म्हणते, मी माझी होऊन आले नाही, तुझा नवरा बारा वर्षे माझ्या बापाची मेंढरे राखत होता. सवतींचे हे भांडण वाघ्या-मुरळी अजून रात्ररात्र रंगवतात, आणि ऐकणाऱ्या बायका दोघींच्याही बाजूने डोळे पुसतात. देवाने तोड काढली ती कोणताही नवरा काढील तशीच. गड म्हाळसेचा, निम्मी टेकडी बाणूची. म्हणून बाणाई आजही अर्ध्या पायऱ्यांवर आहे. तिच्या पुढे वर हेगडी प्रधानाचे ठाणे आहे. तो देवाचा कारभारी, आणि बाणूचा भाऊही मानला जातो.

लोक आणखी तीन बायका सांगतात: शिंपीण, माळीण आणि बागवानीण. बागवान म्हणजे मुसलमान फळवाले. देवाच्या घोड्याची देखभालही मुसलमानांकडे असे, आणि देवाला मल्लूखान असेही एक नाव आहे. ज्या देवाच्या घरात वाणी, धनगर, शिंपी, माळी, बागवान सगळे सासुरवाडीचे नाते लावून येतात, त्याच्या पायऱ्यांवर एवढी गर्दी का, हे निराळे सांगायला नको.

इथे एक गोष्ट आपल्या बेटावरच्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो. कात्र बोर्नला कोर द गार्द डोंगराच्या उतारावर आपल्या तमिळ बंधूंचे मुरुगनाचे कोविल आहे, कावडीच्या सणाला आपल्यापैकी कित्येकजण तिथे शेजाऱ्यांसोबत जातात. मुरुगनही डोंगरावरचा, हातात शस्त्र असलेला, आणि त्यालाही दोन बायका: एक देवसेना, रीतसर लग्नाची, दुसरी वल्ली, रानातली, जिला मिळवण्यासाठी त्याने म्हाताऱ्याचे सोंग घेतले. आणि आपली चंपाषष्ठी ज्या दिवशी, त्याच दिवशी दक्षिणेत सुब्रह्मण्य षष्ठी पाळतात. विद्वानांनी या सारखेपणावर पुष्कळ लिहिले आहे. आमच्या शेजारच्या तमिळ काकूंना आम्ही परतल्यावर बाणूची कथा सांगितली तेव्हा त्या निम्म्यातच म्हणाल्या, "ही तर आमचीच."

जेजुरीची एक बाजू अशीही आहे की जी भंडाऱ्याच्या रंगात झाकली जाऊ नये. मूल होत नाही म्हणून नवस बोलायचा आणि पहिले अपत्य देवाला वाहायचे, मुलगा झाला तर वाघ्या, मुलगी झाली तर मुरळी, ही चाल इथे पिढ्यान्‌पिढ्या होती. मुरळीचे लग्न देवाशी लावत. देवाची बायको म्हटल्यावर तिला माणसाचा संसार नाही, आणि पुढे तिचे काय होई हे सगळ्यांना माहीत असूनही कोणी बोलत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी विठ्ठल रामजी शिंदे यांनी या प्रथेविरुद्ध चळवळ केली. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. आता मुली वाहणे गुन्हा आहे. जागरणात नाचणारी मुरळी बहुधा कलावंत म्हणून येते. आम्ही एका म्हाताऱ्या बाईला कासवाजवळ घाटी वाजवताना पाहिले. वहिनींनी तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "आमच्या वेळेचं सोडा बाई," आणि हातातली घंटा पुन्हा वाजवू लागली. दहा रुपये तिने घेतले नाहीत, खोबरे घेतले.

मग तळी. ताम्हण भाड्याने मिळते, पाने-सुपारी-खोबरे-भंडारा विकत. पण तळी उचलायला पाच हात लागतात आणि आम्ही होतो तिघे, त्यांतल्या एक वहिनी. बंधूंनी तेथील एका वाघ्याला विनंती केली. वयस्क गृहस्थ, गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, खांद्यावर घोंगडी. त्यांनी विचारले, "कुठली मंडळी?" मॉरिशस म्हटल्यावर त्यांना बोध झाला नाही. "समुद्रातलं बेट, आफ्रिकेच्या बाजूला," असे सांगितले. "आणि कूळ? देवक कोणतं?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आडनावसुद्धा तिथल्या कारकुनांच्या हातून मोडून आजोबांचे नावच आडनाव झालेले. तुमच्यापैकी अनेकांचे तसेच झाले आहे. बंधूंनी प्रामाणिकपणे सगळे सांगितले. रत्नागिरी, बोट, ऊस, आणि आजीचे ताट. एलकोतसुद्धा सांगितले. वाघ्यांनी ताट कसे ठेवीत, किती वेळा उचलीत, कोणत्या महिन्यात, हे बारकाईने विचारून घेतले. मग म्हणाले, "तळी बरोबर हाय."

बंधूंचा चेहरा उजळला. "म्हणजे आमचं कुलदैवत खंडोबाच ना?"

म्हाताऱ्याने लगेच हो म्हटले असते तर आमची यात्रा गोड झाली असती, आणि दोनशे रुपये अधिक मिळाले असते. पण तो मनुष्य खरा होता. म्हणाला, "तसं नाय सांगता यायचं. तळी बरीच लोकं भरत्यात. जोतिबाची बी भरत्यात. कोकणात तर गावागावाचा देव येगळा. तुमचं कुणी घाटावरनं खाली उतरल्यालं असंल, तर असंल."

आम्ही तिथेच कासवावर उभे राहून वाद घातला. बंधूंचे म्हणणे, एवढी खूण पुरे आहे, माणसाला दीडशे वर्षांनी याहून अधिक काय मिळणार? आमचे म्हणणे, खूण आहे, पुरावा नाही. गोंधळात हाक तर दहा देवांना मारतात. वहिनी म्हणाल्या, "मागे माणसं थांबली आहेत." तेव्हा वाघ्यांनी मागच्याच एका बारामतीकडच्या कुटुंबातला तरणा मुलगा हाताला धरून आणला. बंधू, आम्ही, वाघ्या, तो मुलगा, झाले चार. पाचवा हात मुलाच्या आजोबांनी लावला, न विचारता. "सदानंदाचा" असे वाघ्यांनी म्हटले आणि "येळकोट" आम्ही सगळ्यांनी. तिसऱ्या वेळी ताम्हण डोक्याच्या वर गेले तेव्हा बंधूंचा हात थरथरत होता.

बारामतीच्या आजोबांनी आमच्या तिघांच्या कपाळावर भंडारा चोळला आणि आमच्या पैशांना हात लावू दिला नाही. आपले नावही त्यांनी सांगितले नाही, आणि आमच्या लक्षात येईपर्यंत ते गर्दीत मिसळले.

येताना भंडाऱ्याचा एक लहान बंद डबा आणला. प्लेझान्सच्या विमानतळावर कस्टमच्या तरुणीने तो उघडायला लावला. पिवळी भुकटी पाहून तिने आपल्या क्रिओलमध्ये विचारले, हे काय? काय सांगावे हे आम्हांला सुचेना. कुलदैवताचा प्रसाद म्हणावे तर कुलदैवतच नक्की नाही. बंधू म्हणाले, "साफ्रां." हळदीला आपल्याकडे हेच म्हणतात. ती हसली, तिने बोटाने वास घेतला आणि डबा परत दिला.

त्या वर्षी चंपाषष्ठीला आजीचे ताट आम्ही पुन्हा काढले. मध्ये काही वर्षे ते निघालेच नव्हते, कारण घरात पाच पुरुष उरले नव्हते. एक पुतण्या मेलबर्नला, दुसरा लंडनला. वडील, बंधू, धाकटे काका आणि आम्ही, झाले चार. काकी म्हणाल्या, शेजारच्या मुलाला बोलवा. तेवढ्यात बंधूंची मुलगी, जी कॉलेजात शिकते, हात धुऊन आली आणि ताटाशी बसली. काकी म्हणाल्या, "पुरुष लागतात गं." ती म्हणाली, "जेजुरीला तुमच्याबरोबर परका माणूस चालला ना? मी तर घरची आहे." काकींनी वडिलांकडे पाहिले. वडील नव्वदीच्या घरात आहेत, त्यांना नीट ऐकू येत नाही. त्यांनी ताटाची कड धरली होती आणि बाकीचे कशासाठी थांबले आहेत हे त्यांना कळत नव्हते.

ताट उचलले. पुतणीने आणि आम्ही शुद्ध उच्चारात, जेजुरीला शिकून आल्याप्रमाणे, "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हटले. वडिलांनी डोळे मिटून, सगळ्यांहून मोठ्या आवाजात म्हटले, "एलकोत!"